पन्नास टक्क्यांचा हट्ट

हवेचं तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारी डेटालॉगरची छोटी पांढरी डबी यायच्या आधी संग्रहालयांच्या कोपऱ्यांत एक काचपेटी असायची. आत घड्याळाच्या चालीनं फिरणारं नळकांडं, त्याला गुंडाळलेला आखीव कागद आणि कागदावर शाईची रेघ ओढत जाणाऱ्या दोन सुया. एक तापमानाची, दुसरी आर्द्रतेची. आर्द्रतेची सुई हलायची ती केसांच्या जुडीमुळे, आणि ते केस बहुधा माणसाचेच असायचे. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, एवढंच त्यातलं यंत्रशास्त्र. आठवड्यानं कागद उतरवला की त्या दालनाचा आठवडा वाचता यायचा. सकाळी दार उघडलं की रेघ चढायला लागे, दुपारी तिची टेकडी होई, संध्याकाळी उतार. सुट्टीच्या दिवशी टेकडी सगळ्यांत उंच. संग्रहालय बंद असेल त्या दिवशी रेघ जवळजवळ सपाट.

ती टेकडी म्हणजे आपण, बघायला आलेली माणसं.

हिशेब साधा आहे. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो, आणि श्वासातून, त्वचेतून तासाला सुमारे ५० ग्रॅम पाणी. आता ३०० चौरस मीटरचं, ५ मीटर उंचीचं दालन घ्या. २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता (म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या वाफेच्या निम्मी वाफ) असताना त्यातल्या सगळ्या हवेत मिळून वाफेच्या रूपात जेमतेम १३ लिटर पाणी असतं. शंभर माणसं तासभर आत राहिली की त्यात आणखी ५ लिटर पडले. दालन अगदी बंदिस्त असतं आणि तापमान तेवढंच राहतं, तर आर्द्रता तासाभरात ५० वरून ६९ टक्क्यांवर गेली असती. प्रत्यक्षात तसं होत नाही. हवा येत-जात असते, आणि भिंती, कापड, लाकूड थोडी ओल पिऊन घेतात. फक्त ही ओल पिणारं लाकूड बऱ्याचदा प्रदर्शनात मांडलेलंच असतं.

ओल प्यायल्यावर लाकूड फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेनं ते जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र हलतं. त्यावर सरसाचं आणि खडूचं अस्तर, अस्तरावर रंगाचे थर, वर वार्निश, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. जुन्या लाकडी फळीवरचं चित्र पाठीमागून पाहायला मिळालं तर जरूर पाहा. फळीला बाक आला म्हणून कधीकाळी कुणी तरी तिला आडव्या पट्ट्या ठोकून सरळ केलेलं असतं. सरळ झाली, पण तिची हलायची सोय गेली. मग हवा कोरडी पडली की फळी आक्रसायला बघते, पट्ट्या तिला आक्रसू देत नाहीत आणि ती तडकते. म्हणजे अशा चित्राच्या दुखण्यात हवेचा वाटा असतोच, पण जुन्या दुरुस्तीचाही असतो. ‘मोनालिसा’सुद्धा पॉप्लरच्या फळीवर रंगवलेली आहे. तिच्या फळीला बाक आहे, आणि वरच्या कडेपासून खाली उतरलेली एक जुनी भेगही आहे.

तेव्हा हवा सांभाळायला हवी याबद्दल वाद नाही. वाद आहे तो किती आणि कशी याबद्दल. गेली पन्नासेक वर्षं जगभरच्या संग्रहालयांनी या प्रश्नाला एकच उत्तर पाठ केलं: २० ते २१ अंश, ५० टक्के, वर-खाली फार तर ५, बारा महिने, चोवीस तास, सगळ्या इमारतीत. माझ्या मते हे उत्तर आता सोडून द्यायला हवं. काटकसर हे त्याचं एक कारण आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे: या उत्तरानं लक्ष वस्तूवरून उडून आकड्यावर गेलं.

हा आकडा आला कुठून, ते मजेशीर आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमनं बॉम्बच्या भीतीनं आपल्या वस्तू लंडनच्या भुयारांत हलवल्या. युद्ध संपल्यावर पेट्या उघडल्या तर धातू गंजलेले, बाकीच्यांवर बुरशी. त्यातूनच १९२० मध्ये तिथे संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. दुसऱ्या युद्धात लंडनच्याच नॅशनल गॅलरीनं धडा घेतला. १९४१ मध्ये तिची चित्रं वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत गेली. खाणीतली हवा थंड आणि जवळजवळ पूर्ण ओली. तिथे डोंगराच्या पोटात विटांच्या खोल्या बांधल्या आणि आतली हवा नुसती गरम करून १७ अंशांपर्यंत नेली. गरम हवेत जास्त वाफ मावते, त्यामुळे वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता ४२ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि तिथेच थांबली. खाणीचं तापमान बाहेरच्या ऋतूंना दाद देत नाही, त्यामुळे ती वर्षभर हलली नाही. लंडनमध्ये ज्या चित्रांचे पापुद्रे सारखे चिकटवत बसावं लागे, त्यांचं हे दुखणं खाणीत जवळजवळ थांबलं. १९४५ मध्ये चित्रं परत आली आणि पापुद्रेही परत सुटू लागले.

खाणीचा आकडा ४२ होता, ५० नव्हे. चित्रांना मानवलं ते स्थैर्य. त्यात तिथे माणसांची वर्दळही नव्हती. पण पुढे वाचलं गेलं ते असं, की चित्रांना यंत्रानं राखलेली हवा लागते.

नंतर १९७८ मध्ये नॅशनल गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांनी संग्रहालयांच्या हवेवर जे पुस्तक लिहिलं, ते या क्षेत्राची पोथी झालं. मोठ्या संग्रहालयांसाठी त्यांनी ५० किंवा ५५ टक्के, वर-खाली ५, असा दंडक दिला. पण त्याच पुस्तकात त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवलं होतं, की हे ‘वर-खाली ५’ यंत्राकडून किती अपेक्षा ठेवता येईल त्यावरून ठरवलेलं आहे. लहानसहान चढउतारांचा वस्तूवर काय परिणाम होतो याच्या सखोल ज्ञानावरून नव्हे. शिवाय दुसऱ्या वर्गाच्या इमारतींसाठी त्यांनी ४० ते ७० टक्क्यांची ऐसपैस मुभा दिली होती. पोथीचं व्हायचं तेच झालं. दंडक सगळ्यांनी उचलला, तळटीप कुणी वाचली नाही. यंत्राची कुवत हीच चित्राची गरज ठरली.

या हट्टाची किंमत कळायला यंत्राच्या खोलीत डोकावावं लागतं. हवा २० अंश आणि ५० टक्के हवी असेल, तर ती नुसती २० अंशांपर्यंत थंड करून भागत नाही. थंड केल्यानं सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. जास्तीचं पाणी काढायचं तर हवा आधी ९ अंशांच्या आसपास गारठवावी लागते, म्हणजे पाणी थंड नळ्यांवर सुटून गळून जातं. आणि मग तीच हवा पुन्हा शेकून २० अंशांवर आणावी लागते. एकाच हवेवर वीज दोनदा खर्च होते. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर आत घेतलेल्या दर घनमीटर हवेतून सुमारे १५ ग्रॅम पाणी पिळून काढायचं. हे रात्रंदिवस चालू. लक्ष्य २५ अंश आणि ६० टक्के ठेवलं, तर हवा १७ अंशांच्या जवळपास थंड केली तरी पुरते. शेकणंही कमी. आणि दालनात गणवेशाखाली स्वेटर घालून बसलेल्या पहारेकऱ्याला भर उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागत नाही. (संग्रहालयाच्या हवेबद्दल सगळ्यांत खरी माहिती याच माणसाकडे असते. त्याला सहसा कुणी विचारत नाही.)

ज्या संग्रहालयांना हा खर्च झेपत नाही त्यांचं काय होतं, ते याहून वाईट आहे. ती यंत्र घेतात, आणि ते फक्त प्रेक्षकांच्या वेळात चालवतात. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. दिवसभर भिंती, काचा, चित्रं गार होतात. रात्री यंत्र थांबलं की फटींतून बाहेरची उष्ण, ओली हवा आत शिरते आणि त्या गार पृष्ठभागांवर दवासारखी बसते. सकाळी पुन्हा गारवा. कागद, हस्तिदंत, लाकडावर चिकटवलेले पातळ पापुद्रे अशा हलक्या वस्तूंना रोज एक फुगणं आणि एक आक्रसणं. बुरशीला तर आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की पुरतं. असं अर्धवेळ यंत्र चालवण्यापेक्षा जाड भिंती, उंच छत, सावली आणि वेळ पाहून उघडमिट केलेल्या खिडक्या वस्तूंना बऱ्या, असं म्हणायला मी कचरणार नाही. प्रेक्षकांना उकडेल, हे खरं. त्यांच्यासाठी पंखा लावता येतो; वारा थेट वस्तूवर येणार नाही एवढं पाहावं.

आकड्याला पहिला मोठा धक्का बसला १९९४ मध्ये. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या संशोधकांनी लाकूड, सरस, अस्तर, रंग यांचे नमुने ताणून-दाबून पाहिले आणि सांगितलं, की मधल्या पट्ट्यात १५ टक्के वर-खाली झालं तरी बहुतेक साहित्य न तुटता सहन करतं. मोठा गदारोळ उठला. काही आक्षेप रास्तही होते: प्रयोगशाळेतली ताजी पट्टी आणि चारशे वर्षं उन्हाळे-हिवाळे, वाळवी आणि तीन दुरुस्त्या पाहिलेली फळी एक नव्हेत. पण याच काळात कॅनडाच्या संवर्धन संस्थेतल्या स्टीफन मिखाल्स्की यांनी जो विचार मांडला, तो मला सगळ्यांत पटतो. वस्तूनं आजवर जेवढा मोठा चढउतार सोसला आहे, त्यानं व्हायची ती मोडतोड होऊन गेलेली आहे. त्याहून लहान चढउतारानं नवी इजा व्हायचा धोका थोडा. मात्र मधे कुणी ती वस्तू दुरुस्त केली, भेगा भरल्या, पट्ट्या ठोकल्या, तर हिशेब नव्यानं मांडायचा.

यातून निघतं ते सरळ आहे. उष्ण-दमट प्रदेशात शतकभर ६५ टक्क्यांत सुखानं नांदलेली लाकडी मूर्ती पोथीतल्या ५० टक्क्यांत नेऊन ठेवली, तर आपण तिला वाचवत नाही, तडकवतो. समशीतोष्ण युरोपातल्या इमारतींच्या हिवाळ्यांसाठी ठरलेला मधला बिंदू सगळ्या जगाचा मधला बिंदू कसा होईल? २०१४ मध्ये संवर्धकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदन काढून मान्य केलं, की हवेचे निकष स्थानिक हवामानात गाठता येण्याजोगे असावेत. त्याच सुमारास बड्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटानं बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के, दिवसभरात १० टक्क्यांहून जास्त हेलकावा नको, असा मोकळा पट्टा स्वीकारला. म्हणजे शास्त्र हलून दशक उलटलं. कागदपत्रं हलत नाहीत. एका संग्रहालयाकडून दुसऱ्याकडे चित्र उसनं जातं, तेव्हा करारात अनेकदा अजून जुनाच आकडा असतो, आणि देणाऱ्याच्या स्वतःच्या दालनात तो वर्षभर पाळला जातो का, हे विचारायची घेणाऱ्याची टाप नसते.

मग ज्यांना खरोखर अरुंद पट्टा लागतो त्यांचं? त्यांना तो द्यावा, पण पेटीत. उत्खननातलं खारावलेलं लोखंड २० टक्क्यांच्याही खाली ठेवावं लागतं, म्हणजे पोथीतला ५० चा आकडा त्याला मारकच. जुन्या फिल्मना थंडी हवी. कागदाला गारवा मानवतो. तापमान ५ अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. पट्ट्यांनी जखडलेली फळी, हस्तिदंतावरचं लघुचित्र यांना नीट बंद होणारी काचपेटी आणि तळाशी सिलिका जेलचा खण पुरतो. जेल ओल घेतं, देतं; त्याला वीज लागत नाही. चित्राच्या पाठीला साधा पुठ्ठा लावला तरी मागची हवा बरीच सावकाश बदलते. दहा वस्तूंसाठी दहा पेट्या करायच्या सोडून आपण दहा हजार घनमीटर हवा पिळत बसतो.

राखीव संग्रहाच्या कोठारांचं तर आणखी सोपं, कारण तिथे माणसंच नसतात. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या दफ्तरखान्यानं १९७१ मध्ये जाड विटांच्या भिंतींची, नैसर्गिकरीत्या हवा सांभाळणारी इमारत उभारली. ती अभ्यासकांत इतकी गाजली की तिला ‘कोलोन नमुना’ म्हणू लागले. २००९ मध्ये ती इमारत कोसळली, हेही सांगून टाकतो, नाही तर कुणी तरी ते माझ्या तोंडावर मारेल. शेजारी भुयारी रेल्वेचं खोदकाम चाललं होतं. भिंतींचा त्यात दोष नव्हता. डेन्मार्कमध्येही अशी कोठारं आहेत: जमिनीला मुद्दाम उष्णतारोधक थर नाही, म्हणजे खालच्या मातीची संथ ऊब वर येते, आणि यंत्र असलंच तर फक्त ओल काढण्यापुरतं.

आता माणसांकडे येऊ, कारण खरा सार्वजनिक प्रश्न तिथे आहे. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये १९९३ मध्ये बसवलेली वातानुकूलन यंत्रणा एका वेळी ७०० माणसांच्या हिशेबानं केली होती. पुढे वर्षाला ६० लाखांच्या घरात लोक येऊ लागले. भित्तिचित्रांवर फिकट पांढरी पुटं दिसायला लागली. त्यावर २०१४ मध्ये नवी, कितीतरी ताकदवान यंत्रणा आली आणि मर्यादा ठरली एका वेळी २००० ची. इटलीतल्या मिलानमध्ये लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजना’समोर मोजकी माणसं सोडतात, एकामागून एक बंद होणाऱ्या दारांतून, आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. ते चित्र कोरड्या भिंतीवर काढलेलं, जात्याच नाजूक, त्यामुळे तुलना काटेकोर नाही हे मान्य. पण निवड दिसते: एकीकडे गर्दीला पुरेल एवढं यंत्र वाढवलं, दुसरीकडे हवेला झेपेल एवढीच गर्दी ठेवली. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत यातलं काहीच वेळेवर झालं नाही. १९४८ मध्ये उघडलेली, सतरा हजार वर्षांच्या आसपासची ती चित्रं श्वासांनी आणि शेवाळानं इतकी खराब व्हायला लागली की १९६३ मध्ये गुहेला कुलूप लागलं.

मला मात्र सगळ्यांत बोलका वाटतो तो स्टॉकहोमचा ‘वासा’. १६२८ मध्ये बुडालेलं, १९६१ मध्ये वर काढलेलं अख्खं लाकडी जहाज. २००० चा उन्हाळा तिथे पावसाचा निघाला. बाहेर पाऊस म्हणून माणसं आत, अंगावर ओले कोट, आणि गर्दीही मोठी. आतली आर्द्रता चढली. काही काळात जहाजाच्या लाकडावर पांढरे-पिवळे डाग फुटू लागले. बंदराच्या घाण पाण्यात तीनशेहून अधिक वर्षं लाकडानं गंधक पिऊन ठेवलं होतं. लोखंडी खिळ्यांच्या संगतीनं त्याचं आम्ल होत होतं, आणि ओलीनं ते बाहेर आणलं. २००४ मध्ये तिथे हवेची यंत्रणा सुधारली, ५५ टक्क्यांच्या आसपास धरून. इथे यंत्र लागलंच. जखम ठाऊक होती आणि तिच्या मापाचं औषध दिलं, म्हणून मी त्याला हट्ट म्हणत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो संवर्धकांचाच आहे. पट्टा सैल केला की पैसे वाचवायला टपलेल्या प्रशासनाच्या हाती कोलीत मिळेल. ‘आता शास्त्रच म्हणतं चालतं’ असं सांगून यंत्रही बंद आणि यंत्र सांभाळणारा माणूसही बंद. ही भीती खोटी नाही. कडक आकड्यानं निदान एक हत्यार दिलं होतं. आकडा चुकला की आरडाओरडा करता येत होता. म्हणून सैल पट्ट्याबरोबर जास्त डोळे लागतात, हे करारातच लिहिलं पाहिजे. कुठली वस्तू कशी हलते याची नोंद, ठरावीक काळानं तिरप्या उजेडात तपासणी, कडांची छायाचित्रं. लाकडाला बारीक चीर जाताना होणारा, कानाला न ऐकू येणारा आवाज टिपणारी उपकरणंही आता आहेत. वाचलेल्या विजेच्या पैशातून आधी एका संवर्धकाचा पगार काढायचा, मग उरलेल्याची बचत दाखवायची. हा क्रम उलटा झाला तर जुना आकडाच बरा होता असं म्हणायची वेळ येईल.

आणि प्रेक्षकांना विश्वासात घ्यायचं. आज दालनात किती माणसं सोडायची हे बहुतेक ठिकाणी आगीच्या नियमांवरून आणि तिकीटविक्रीवरून ठरतं. ते हवेवरूनही ठरावं. ओले कोट आणि छत्र्या दारातच उतरवून घ्याव्यात, दोन दारांच्या मध्ये थोडी थांबायला जागा असावी, आणि डेटालॉगरचा आलेख चौकटीमागे लपवण्याऐवजी दारापाशी पडद्यावर लावावा. आत शिरणाऱ्याला आपलीच टेकडी दिसू दे. ‘आत्ता ५८ टक्के, वीस मिनिटं थांबा’ असं त्यावर लिहिलेलं असेल, तर माझा अंदाज आहे की लोक कुरकुर करतील, घड्याळ बघतील आणि थांबतील.